उद्योगवीर लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर ताकारी आणि भिलवडी यांच्या दरम्यान किर्लोस्करवाडी नावाचे स्टेशन लागते. स्टेशनाला लागूनच एक मोठा कारखाना आहे. त्याच्या भोवती सरळ आखलेले रस्ते, दुतर्फा वाढलेली झाडे आणि नीटनेटकी घरे दिसतात. हे सारे पाहणाऱ्या प्रवाशाला असे वाटेल, की येथे पूर्वीपासून एखादे संपन्न गाव असले पाहिजे आणि त्याच्या आश्रयाने हा कारखाना उभा राहिला असला पाहिजे. परंतु वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १९१० सालापूर्वी येथे गाव नव्हते, रस्ता नव्हता, सावलीला झाडही नव्हते. होता तो केवळ एक उजाड माळ. त्यावर निवडुंगाची बेटे माजली होती आणि त्यांच्या आडोशाला नागांची वस्ती होती. अशा त्या माळावर एका मनुष्याने पंचवीस कामगारांनिशी मुक्काम ठोकला आणि तेथे यंत्रांचा कारखाना व त्याबरोबर एक आदर्श गाव उभारण्याचा संकल्प केला. तो मनुष्य म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे मोठे व्यासंगी होते. आपल्या मुलाने चांगले शिकावे, पोथ्या-पुस्तकांत मन रमवावे, असे त्यांना साहजिकच वाटे. परंतु मुलाचे चित्त पाठांतरात लागत नसे. त्याला दोनच गोष्टींचा छंद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. एखादे यंत्र दृष्टीस पडले, की ते कसे चालते, कोणता भाग कोणत्या भागाला फिरवितो, हे समजून घेतल्याखेरीज त्याला चैन पडत नसे.

त्या काळी चित्रे काढणे किंवा लोखंडाशी खेळणे ही विद्वानाच्या घरातील मुलाला शोभणारी कामे समजली जात नसत. लेखणी धरणारा हात मोठा आणि हातोडा धरणारा हात हलका, अशी समाजाची समजूत होती. त्यामुळे लक्ष्मणाने मुंबईस जाऊन चित्रकला शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा वडिलांना ती रुचली नाही. थोरले बंधू रामूअण्णा मात्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधाराने १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि तेथील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे त्यांनी मन लावून अभ्यास केला. हात वळणदार होता, रेषा अचूक येत होती. परंतु पुढे रंगकामाची वेळ आली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नसे. हा दोष जन्मजात होता आणि त्यावर औषध नव्हते. ज्या विद्येसाठी घर सोडले, वडिलांची नाराजी पत्करली, त्या विद्येचे दार असे एकाएकी बंद झाले. दुसरा एखादा तरुण अशा वेळी कपाळाला हात लावून बसला असता, किंवा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी वेगळा विचार केला. रंग ओळखता येत नसले, तरी रेषा तर आपल्या हातची आहे, आणि यंत्रांचे आराखडे रेषांनीच काढले जातात. त्यांनी कुंचला खाली ठेवला, पट्टी व कर्कटक हाती घेतले आणि ते यांत्रिक रेखनाच्या अभ्यासाला लागले.

या विद्येत त्यांनी अल्पावधीतच असे प्रावीण्य मिळविले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. तेथे ते विद्यार्थ्यांना यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकवीत आणि स्वतःही विद्यार्थी होऊन शिकत. वाफेचे इंजिन कसे चालते, धातूंचे गुणधर्म कोणते, हे ते ग्रंथांतून वाचीत. वाचलेले कर्मशाळेत जाऊन पडताळून पाहत. अशा रीतीने ज्याला कोणतीही मोठी पदवी नव्हती, असा हा तरुण डोळ्यांनी, हातांनी आणि ग्रंथांच्या साहाय्याने यंत्रज्ञ बनला.

मुंबईत असतानाच एके दिवशी त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकलवर बसून जाताना पाहिले. आज सायकल ही अगदी सामान्य वस्तू आहे, परंतु त्या काळी ती नवलाची होती. केवळ दोन चाकांवर मनुष्य तोल सावरून वेगाने जातो, हे पाहण्यासाठी लोक रस्त्यात थांबत. लक्ष्मणरावांनीही ते पाहिले, पण त्यांच्या मनात कुतूहलाबरोबरच व्यवसायाचा विचार आला. हे वाहन आपल्या भागात नेले तर? त्यांनी मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावास रामूअण्णांकडे धाडण्यास आरंभ केला. रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्यांना चालविण्यास शिकवीतही. यातूनच १८८८ साली बेळगावात या बंधूंचे सायकलींचे छोटेसे दुकान सुरू झाले. त्यावर किर्लोस्कर ब्रदर्स असे नाव झळकू लागले. पुढे देशभर गाजलेल्या एका उद्योगाचा उगम असा एका लहानशा दुकानात आहे.

तरीही नोकरी सोडून केवळ व्यवसाय करावा, असे लक्ष्मणरावांनी अद्याप ठरविले नव्हते. तो निर्णय परिस्थितीने घडविला. संस्थेत वरची जागा रिकामी झाली. अनुभवाने व कौशल्याने ती लक्ष्मणरावांना मिळावयास हवी होती. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. परक्यांच्या राज्यात गुणापेक्षा वंशाला अधिक मोल आहे, हे त्यांना त्या दिवशी स्वच्छ दिसले. ज्या घरात आपल्या कर्तृत्वाला वाव नाही, तेथे केवळ पगारासाठी राहणे त्यांच्या स्वाभिमानाला मानवले नाही. १८९७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावात सायकलींचे दुकान होतेच. परंतु दुसऱ्यांनी बनविलेल्या वस्तू आणून विकणे हे काही लक्ष्मणरावांचे ध्येय नव्हते. आपल्या देशाला लागणारी यंत्रे आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून तयार झाली पाहिजेत, हा ध्यास त्यांनी घेतला होता. मग प्रश्न असा, की यंत्रे कोणती? त्यांनी आजूबाजूला दृष्टी टाकली. चोहीकडे शेती होती. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगत होते, आणि शेतीची अवजारे मात्र शेकडो वर्षांपूर्वीची होती. तेव्हा शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे यंत्र बनवावयाचे, असे त्यांनी निश्चित केले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा जनावरापुढे टाकला, तर बराचसा पायदळी तुडविला जाऊन वाया जातो. त्याची कुट्टी केली, तर तोच कडबा अधिक दिवस पुरतो. हे यंत्र लहान असले, तरी शेतकऱ्याचा खरा फायदा करणारे होते.

यानंतर त्यांनी हात घातला तो लोखंडी नांगराला. आपल्याकडील जुना नांगर लाकडी असे. त्याचे खोड, हाळीस, रुमणे सारे लाकडाचे, फक्त फाळ तेवढा लोखंडाचा. हा नांगर जमीन चिरतो, परंतु माती पालथी करीत नाही. लोखंडी नांगराचे वक्र पाते मातीचा थर उचलून उलटा टाकते. त्यामुळे हरळीसारख्या तणाच्या मुळ्या वर येतात आणि उन्हाने करपून जातात. खालची माती वर येऊन तिला ऊन व हवा मिळते. असे नांगर त्या काळी परदेशातून येत. ते उत्तम असत, पण त्यांचा पैसा समुद्रापार जाई. मोडलेला भाग मिळविणेही कठीण पडे. तसाच नांगर बेळगावात बनविण्याचे लक्ष्मणरावांनी ठरविले.

नांगर बनविणे हे वरवर पाहता सोपे वाटते, पण तसे ते नव्हे. बीड वितळविण्यासाठी भट्टी हवी, ओतण्यासाठी मातीचे साचे हवेत, आणि साचे घडविणारे कुशल हात हवेत. बीड फार कठीण झाले, तर दगडावर आपटून फुटते. फार मऊ राहिले, तर लवकर झिजते. या सर्व गोष्टींचे ज्ञान देणारी शाळा जवळपास नव्हती. प्रयोग करावा, चुकावे, आणि पुन्हा करावा, हाच एक मार्ग होता. त्या मार्गाने जाऊन लक्ष्मणरावांनी अखेर नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण तो घेण्यास मात्र कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन नांगरली, तर जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. नांगर पाहावयास लोक येत, हात लावून पाहत आणि मान हालवून निघून जात. महिने लोटले, वर्ष गेले, दुसरे वर्षही सरत आले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत पोटाला चिमटा घ्यावा लागला असेल, मनात शंका आल्या असतील, हे आपण सहज समजू शकतो. लक्ष्मणरावांनी मात्र शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष दिला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या गोष्टीला एकदम हात घालणार नाही, हे त्यांना कळत होते. आपला नांगर अधिक चांगला करणे आणि धीराने वाट पाहणे एवढेच आपल्या हाती आहे, असे मानून ते काम करीत राहिले. अखेर एकाने नांगर नेला. त्याच्या शेतात विष भिनले नाही, हे शेजाऱ्याने पाहिले. मग शेजाऱ्याने नेला. अशा रीतीने एका शेतातून दुसऱ्या शेतात या नांगराची कीर्ती पसरत गेली.

धंद्याला बरे दिवस येत आहेत, असे वाटत असतानाच दुसरे संकट ओढवले. बेळगाव शहराची वाढ होत होती. नव्या वसाहतीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने किर्लोस्करांना कारखाना हलविण्यास सांगितले. मोठ्या कष्टाने उभारलेली भट्टी, यंत्रे, साचे हे सारे उचलून न्यावयाचे कोठे? नवी जागा घ्यावयास जवळ पैसा नव्हता. कामगारांची कुटुंबे कारखान्यावर अवलंबून होती. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळिशीला पोचले होते. इतक्या वर्षांचे श्रम मातीस मिळतात की काय, अशी ती वेळ होती.

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावून आले. बाळासाहेब हे विद्येचे व कलेचे चाहते, आणि स्वतः चांगले चित्रकार होते. औंध येथील देवालयाच्या बांधकामानिमित्त लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी परिचय झाला होता. या मनुष्याचे काम त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कारखाना काढण्यास सांगितले. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. औंध हे लहानसे संस्थान होते. त्याच्या राजाने एका उद्योजकावर एवढा विश्वास टाकावा, ही मोठीच गोष्ट होती.

त्या ३२ एकरांचे वर्णन आरंभी आलेच आहे. पाणी नाही, सावली नाही, पाऊल टाकावे तेथे काटा. परंतु दोन गोष्टी लक्ष्मणरावांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. जवळून आगगाडी जात होती, म्हणजे कोळसा व लोखंड आणणे आणि तयार माल धाडणे शक्य होते. शिवाय माळ मोकळा होता, म्हणजे मनाप्रमाणे आखणी करता येणार होती. पाश्चात्त्य देशांत काही कारखानदारांनी कामगारांसाठी स्वतंत्र, हवेशीर गावे वसविली होती, त्यांची वर्णने लक्ष्मणरावांनी वाचली होती. तसे गाव आपणही वसवावे, हे त्यांचे जुने स्वप्न होते. त्यांच्यापुढील ध्येय पाहा केवढे! भांडवल कर्जाचे, जमीन ओसाड, माणसे मूठभर. आणि संकल्प असा, की विलायती नांगराच्या तोडीचा नांगर बनवावयाचा आणि तो बनविणाऱ्यांसाठी नमुनेदार गावही वसवावयाचे. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना तो वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही.

१९१० सालच्या मार्च महिन्यात पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर राहावयास आले. निवडुंग तोडणे, साप मारणे, जमीन सपाट करणे, हीच त्यांची पहिली कामे. मालक आणि कामगार असा भेद त्या दिवसांत दिसत नव्हता. ऊन सर्वांना सारखेच लागत होते आणि पाण्याची टंचाई सर्वांच्याच घरी होती.

मोठे ध्येय एकट्याने गाठता येत नाही, हे लक्ष्मणराव जाणून होते. म्हणून त्यांनी यंत्रांइतकीच माणसांची पारख केली. बंधू रामूअण्णांकडे गावाची आखणी व व्यवस्था आली. रस्ते कोठे असावेत, घरे कशी असावीत, झाडे कोठे लावावीत, हे सारे ते पाहत. शंभूराव जांभेकर हे कारखान्याचे अभियंता झाले. मंगेशराव रेगे जमाखर्च सांभाळीत. के. के. कुलकर्णी यांना अमुकच एक काम असे नव्हते. जे काम अडेल, ते त्यांनी हाती घ्यावे आणि तडीस न्यावे. अनंतराव फळणीकर यांनी तर शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. पुस्तकी शिक्षणाच्या मापाने मोजले असते, तर त्यांना कोणी जवळ केले नसते. परंतु त्यांच्या हातातील कसब आणि नवे शोधण्याची बुद्धी लक्ष्मणरावांनी ओळखली. पुढे हेच फळणीकर कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. ज्याला स्वतःला पदवी नव्हती, तो दुसऱ्याची पदवी विचारीत बसला नाही, हे त्याला साजेसेच झाले.

माणसांवरील त्यांच्या विश्वासाची खरी कसोटी मात्र निराळ्याच ठिकाणी लागली. निर्जन माळावरील कारखान्याला पहारा हवा होता. लक्ष्मणरावांनी या कामासाठी तुकाराम आणि पिऱ्या या दोघांची निवड केली. हे दोघे पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेले होते. चोरांच्याच हाती किल्ल्या देणे हा लोकांना अविचार वाटावा, असेच हे धाडस होते. एकदा चुकलेल्या माणसाला समाज जन्मभर दूर लोटतो, आणि दूर लोटलेला माणूस पुन्हा चुकीच्या वाटेला लागतो. त्याला मानाचे काम व विश्वास मिळाला, तर तो सुधारल्यावाचून राहत नाही, अशी लक्ष्मणरावांची श्रद्धा होती. ती खरी ठरली. ते दोघे किर्लोस्करवाडीचे अत्यंत भरवशाचे राखणदार बनले.

या गावात आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळली जाई. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. ज्या काळात गावोगाव पाणवठे वेगळे होते आणि शिवाशिवीचे नियम कडक होते, त्या काळात लक्ष्मणरावांनी आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. भट्टीतील तप्त रस साच्यात ओतताना कोणी कोणाची जात पाहत नाही, मग घरी परतताना ती कशासाठी आठवावी? हळूहळू माळावर झाडे वाढली, बागा फुलल्या, मुलांसाठी शाळा आली, आणि कुंडल रोडजवळच्या त्या उजाड जागेला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशाहून येणारा माल थांबला. विलायती नांगर बाजारात मिळेनासे झाले, म्हणून किर्लोस्कर नांगरांची मागणी वाढली. परंतु त्याच वेळी नांगर बनविण्यास लागणारे लोखंड, कोळसा, पोलाद, एवढेच काय, रंगसुद्धा दुर्मीळ झाला. मागणी आहे आणि माल नाही, अशी चमत्कारिक कोंडी निर्माण झाली. हातावर हात ठेवून बसणे ही या मंडळींची रीतच नव्हती. जे साहित्य मिळेनासे झाले, त्याच्या जागी जवळपास काय वापरता येईल, याचा शोध सुरू झाला. लोखंडाची अडचण कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दूर केली. त्यांच्या संस्थानातील गडावर जुन्या तोफा निकामी होऊन पडल्या होत्या. त्या त्यांनी कारखान्याला दिल्या. एके काळी रणांगणावर आग ओकणाऱ्या त्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि नांगर होऊन शेतात गेल्या. युद्धाच्या काळात शस्त्रांची अवजारे व्हावीत, हा केवढा सुंदर योग!

युद्ध संपले तेव्हा किर्लोस्करवाडीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले होते. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर नावाचे एक छोटे पत्रक निघू लागले. कारखान्याची हकीकत गिऱ्हाइकांना कळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. परंतु लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ते वाढत वाढत जाऊन किर्लोस्कर हे नामांकित मासिक झाले. पुढे १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही मासिकेही किर्लोस्करवाडीहूनच निघाली. ज्या माळावर पूर्वी नागांची वस्ती होती, तेथून आता नांगरांबरोबर नवे विचारही घरोघर जाऊ लागले.

लक्ष्मणरावांनी आपल्या मागून येणाऱ्या पिढीलाही वेळीच तयार केले. आपण अर्धपोटी राहून, चुका करीत जे शिकलो, ते मुलांनी शास्त्रशुद्ध रीतीने शिकावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी आपले पुत्र शंतनुराव यांना अमेरिकेस धाडले. मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यालयातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९२६ साली परत आले. त्याच सुमारास कारखान्यात पाण्याचे पंप तयार होऊ लागले होते. नांगराने जमीन तयार झाली, आता तिला पाणीही मिळू लागले. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि उसाचे चरक यांच्या जोडीला पंप, आणि पुढे धातू घडविणारी यंत्रेही किर्लोस्कर कारखान्यांत बनू लागली.

एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसे पुढे किर्लोस्करांचे नवे कारखाने निघाले. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे बनविणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. आपल्या गुणांना वाव मिळत नाही म्हणून एके काळी ज्याने परक्यांची नोकरी सोडली होती, त्याला आपल्या माणसांनी बनविलेली यंत्रे स्वतंत्र देशात चालताना पाहण्याचे भाग्य लाभले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांच्या चरित्राकडे पाहिले, की एक गोष्ट मनात ठसते. त्यांच्या वाटेत आलेली प्रत्येक अडचण त्यांना थांबविण्यास पुरेशी होती. रंग दिसत नाहीत, बढती मिळत नाही, नांगर विकला जात नाही, कारखान्याला जागा राहत नाही, आणि लोखंड मिळत नाही. परंतु प्रत्येक वेळी त्यांनी हाती काय उरले आहे, हे पाहिले आणि तेवढ्यावर पुढचे पाऊल टाकले. मात्र ध्येय त्यांनी कधी लहान केले नाही. जवळ थोडे आहे, म्हणून थोडेच मागावे, ही रीत त्यांना मान्य नव्हती. आणि ते ध्येय त्यांनी एकट्याचे ठेवले नाही. भावाला, कारकुनाला, अर्धवट शिकलेल्या कारागिराला आणि शिक्षा भोगून आलेल्या राखणदारालाही त्यांनी त्यात वाटेकरी करून घेतले. कारखान्याच्या फाटकावर नाव किर्लोस्करांचे असले, तरी त्या माळावरील प्रत्येक झाडाखाली अशा कितीतरी माणसांचा घाम मुरलेला आहे. मोठे काम असेच उभे राहते. एकाने स्वप्न पाहावे, आणि ते अनेकांनी आपले मानावे.

स्वाध्याय

१. लक्ष्मणरावांनी चित्रकला का सोडली? त्यानंतर ते कोणत्या विद्येकडे वळले?
२. लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. लोखंडी नांगर विकला जाण्यास एवढा वेळ का लागला?
४. लक्ष्मणरावांची माणसांची पारख कोणकोणत्या प्रसंगांतून दिसते?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठीशी उभे राहणे, तडीस नेणे, थारा नसणे, नावारूपाला येणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या कारखान्यास किंवा कर्मशाळेस भेट द्या आणि तेथे पाहिलेल्या कामाचे वर्णन लिहा.